मासा खाद्यावर येईना

शेततळ्यातल्या माशाचा हिशेब मांडला की निम्म्याहून जास्त रक्कम एकट्या खाद्याच्या रकान्यात जाते. त्यामुळे मासा जेवला नाही की शेतकऱ्याला आधी आठवतं ते पोतं. कंपनी बदलायची, जास्त प्रथिनांचं खाद्य घ्यायचं, त्यावर जीवनसत्त्वाची पूड चोळायची, कुणीतरी सांगितलं म्हणून लसणाचं पाणी शिंपडायचं. दुकानदार यातल्या कशालाच नाही म्हणत नाही. इंदापूर-बारामतीकडच्या शेततळ्यांवर मत्स्यशेतीचा सल्ला देत फिरताना माझ्या कानावर सगळ्यात जास्त पडलेलं वाक्य एकच आहे, "ताई, मासा खाद्यावर येईना." आणि त्याचं उत्तर पोत्यात सापडलं, असं फार क्वचित झालं.

मी शिकले रत्नागिरीजवळ, शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयात. माशाचं रक्त काढायला शिकताना घड्याळाकडे बघायची जी सवय लागली ती अजून गेलेली नाही. रोहू जाळ्यातून उचलला की एकाने तो ओल्या फडक्यात धरायचा, डोळे झाकायचे. दुसऱ्याने खालच्या पराच्या मागे, शेपटीच्या बुडाशी, मधल्या रेषेतून कण्यापर्यंत सुई न्यायची. हाडाला सुई टेकली की बोटाला कळतं. मग ती किंचित मागे घेतली की सिरिंजमध्ये काळपट लाल रक्त चढायला लागतं. हे सगळं तीन मिनिटांच्या आत उरकायचं. उशीर झाला तर तो नमुना बाद, कारण तोवर आपल्याच हाताळण्याने माशाच्या रक्तातलं कॉर्टिसॉल वाढायला लागलेलं असतं. मोजायला निघायचं शांत माशाचं रक्त आणि हाती लागायचं घाबरलेल्या माशाचं. एका टाकीतून एकामागून एक मासे पकडत गेलं, तर शेवटच्या माशाचा आकडा पहिल्यापेक्षा चढा येणार, हे आम्ही धरूनच चालायचो. त्याला कुणी सुई लावलेली नसायची. शेजारच्यांची पळापळ त्याने पाहिलेली, सोसलेली असायची, तेवढं पुरत होतं.

आपल्या मूत्रपिंडांवर जशी वेगळी अधिवृक्क ग्रंथी बसलेली असते, तशी माशाला नसते. तिचं काम करणाऱ्या पेशी मूत्रपिंडाच्या डोक्याकडच्या टोकात विखुरलेल्या असतात. बगळ्याची सावली पडली, जाळं ओढलं, पहाटे ऑक्सिजन खाली गेला, की आत दोन गोष्टी सुरू होतात. पहिली सेकंदांतली. ॲड्रेनालिन रक्तात उतरतं, कल्ल्यांतून रक्त जोराने वाहतं, यकृतात साठवलेली साखर बाहेर पडते. दुसरी जरा सावकाश चालते. मेंदूच्या तळाशी असलेला हायपोथॅलॅमस सीआरएफ नावाचं संप्रेरक सोडतो, त्याने पीयूषिका जागी होते, ती एसीटीएच पाठवते आणि मग मूत्रपिंडातल्या त्या पेशी कॉर्टिसॉल ओततात. शांत माशाच्या रक्तात ते मिलिलिटरमागे साधारण ३०-४० नॅनोग्रॅमच्या आत असतं. धक्का बसल्यावर अर्ध्या-एक तासात ते शंभराच्या पुढे जाऊ शकतं. धक्का एकदाचाच असेल तर काही तासांत, फार तर एखाद-दोन दिवसांत, गाडी रुळावर येते.

कॉर्टिसॉलला खलनायक ठरवायची आता पद्धत पडली आहे. माणसांच्या आरोग्यावरच्या लेखांतही तेच. माशाचं मात्र त्याच्यावाचून चालत नाही. रक्तातली साखर सांभाळायची आणि अंगातले क्षारही राखायचे, अशी दोन्ही कामं माशात मुख्यतः हेच एक संप्रेरक करतं. गोड्या पाण्यातल्या माशाच्या अंगात पाणी सारखं शिरत असतं आणि क्षार बाहेर जात असतात. घाबरलेला मासा ऑक्सिजनसाठी कल्ल्यांतला रक्तप्रवाह वाढवतो, आणि त्याच वाटेने त्याचं मीठही जास्त गळतं. बोटुकलीच्या, म्हणजे बोटाएवढ्या पिलांच्या, वाहतुकीत पाण्यात थोडं मीठ टाकतात त्यामागे हे कारण आहे. बरेच जण ते जंतुनाशक म्हणून टाकतात. कारण दुसरंच धरलं तरी मासा वाचतो, म्हणून मी तिथे वाद घालत नाही.

भुकेची गंमत वेगळी आहे. भूक मारण्यासाठी कॉर्टिसॉल चढण्याची वाटसुद्धा बघावी लागत नाही. साखळीची पहिली कडी, सीआरएफ, मेंदूतच भुकेला लगाम घालते. गोल्डफिशच्या मेंदूत सीआरएफ टोचल्यावर त्याचं खाणं कमी झाल्याचं प्रयोगांत दिसलं आहे. उलट त्याच गोल्डफिशला मर्यादित कॉर्टिसॉल दिलं तर त्याच्या मेंदूतला न्यूरोपेप्टाइड वाय हा भूक वाढवणारा घटक वाढल्याचंही आढळलं. म्हणजे संकट टळल्यावर खर्ची पडलेलं भरून काढण्यासाठी खायला उठवण्यातही कॉर्टिसॉलचा हात असावा. शेततळ्याच्या भाषेत सांगायचं तर मासा जेवत नाही याचा अर्थ त्याच्या मेंदूने संकट अजून संपलेलं धरलेलं नाही. अशा वेळी त्याच्या पुढ्यात २८ टक्के प्रथिनांचं टाका नाहीतर ३२ टक्क्यांचं, त्याला काही फरक पडत नाही. ते खाद्य वाऱ्याबरोबर एका कोपऱ्यात जाऊन साचतं, फुगून दुप्पट होतं, बुडतं आणि कुजतं. कुजलं की अमोनिया वाढतो, ऑक्सिजन घटतो आणि आधीच बिथरलेल्या माशाला नवं कारण मिळतं. न जेवणाऱ्या माशाला जास्त खाद्य टाकण्याइतका महागडा उपचार मी दुसरा पाहिला नाही.

एका शेततळ्याबद्दल सविस्तर लिहायला हवं. मालकांना सगळा गाव आप्पा म्हणतो, म्हणून मीही आप्पाच म्हणते. डाळिंबाच्या बागेसाठी खणलेलं तळं, आत प्लास्टिकचा कागद टाकलेला, पाण्यात रोहू, कटला आणि थोडे रूपचंद. बोटुकली चांगल्या ठिकाणाहून आणलेली. पहिले तीन-चार महिने वाढ झकास झाली आणि मग मासा वजन धरेना. मी पहाटे जाऊन ऑक्सिजन मोजला, ठीक होता. अमोनिया ठीक. दुपारी पाण्याचा सामू बघितला, तोही आटोक्यात. कल्ले उचलून पाहिले, अंगावर उवा शोधल्या, काही नाही. आप्पांचा चेहरा पडला. रोग निघाला असता तर औषध तरी घेता आलं असतं.

मग मी काहीच न करता बांधावर बसून राहिले. हे काम मला फार आवडतं आणि त्याचे पैसे मात्र कुणी देत नाही. खाद्याची वेळ झाली तसा आप्पांचा नातू डबा घेऊन आला. त्याची पावलं कागदावर वाजली आणि पाण्याखालची करडी सावली एका झटक्यात पलीकडच्या काठाला गेली. खाद्य टाकणारं माणूस आलं की मासा त्याच्याकडे धावत यायला हवा. इथे तो पळत होता. मी आप्पांना विचारलं, जाळं कधी ओढता?

"दर ऐतवारी," ते म्हणाले. "पाव्हणं येत्यात. व्यापारी येतो. साइझ बघायची असती. धरतो, दाखवतो, परत सोडतो. एक बी मारत न्हाई."

त्यातच सगळं होतं. रविवारी जाळं. सोमवार-मंगळवार मासा खालीच. बुधवारी हळूहळू वर यायला लागला की बागेला पाणी द्यायची पाळी. मोटार सुरू झाली की तळं दोन-अडीच फूट उतरायचं आणि रात्री लाइट आल्यावर बोअरचं पाणी वरून धबाधबा पडायचं. तळ्याच्या पाण्यात आणि बोअरच्या पाण्यात हाताला कळावा इतका फरक होता. शुक्रवार-शनिवारी मासा जरा स्थिरावायचा आणि पुन्हा रविवार यायचा. एकही मासा मरत नव्हता हे खरंच होतं. नुकसान मोजायचं तर ते मेलेल्या माशांत दिसणारं नव्हतं, न वाढलेल्या ग्रॅमांत होतं.

आप्पांनी शेवटी हिशेब स्वतःच मांडला, "म्हंजी डाळिंबाला ताण दिला तर बहार धरतो आन् माशाला दिला तर हाय ते बी जातं." मी याहून बरं सांगू शकले नसते.

हाय ते कसं जातं, ते बघण्यासारखं आहे. माशाची वाढ ही नुसत्या खाण्याची गोष्ट नाही. पीयूषिका वाढ संप्रेरक सोडते, ते यकृताकडे जातं, यकृत त्याच्या हुकमाने आयजीएफ-१ तयार करतं आणि हे आयजीएफ स्नायूला वाढायला लावतं. ताण लांबला किंवा उपास घडला की यात विचित्र गोष्ट होते. रक्तात वाढ संप्रेरक कमी होईल अशी आपली अपेक्षा. पुष्कळदा ते वाढलेलंच सापडतं. पण यकृत त्याचं ऐकेनासं होतं. आयजीएफ घटतं, आणि जे असतं त्यालाही अडवून ठेवणारी प्रथिनं कॉर्टिसॉलमुळे वाढतात. हुकूम सुटतोय, अंमल होत नाही. वाढलेलं वाढ संप्रेरक मग साठवलेली चरबी मोडून दिवस ढकलायला मदत करतं. कॉर्टिसॉल दुसऱ्या बाजूने स्नायूंतली प्रथिनं मोडून त्यांची साखर करत असतं. आपण ज्या मांसासाठी तळं भरलं, तेच मांस मासा आतून जाळत असतो. रेनबो ट्राउटला खाद्यातून कॉर्टिसॉल देऊन प्रयोग झाले आहेत. बाकी कुठलाही त्रास न देता, नुसत्या संप्रेरकाने त्यांची वाढ मंदावली.

खर्च तरी किती असावा? बार्टन आणि श्रेक या संशोधकांनी १९८७ साली स्टीलहेड या ट्राउटच्या पिलांवर मोजमाप केलं होतं. थोडक्या शारीरिक त्रासानेसुद्धा, पोहायला-वाढायला जी ऊर्जा माशाच्या हाती असते तिचा सुमारे पाव हिस्सा खर्ची पडल्याचं त्यांना दिसलं. ट्राउट हा थंड पाण्यातला मासा, आपला रोहू उन्हाळी पाण्यातला, त्यामुळे तोच आकडा उचलून इथे लावता येणार नाही. दिशा मात्र कळते.

यावर लोक म्हणतात, मग रक्त तपासू. तपासून फार काही हाती लागत नाही, कारण रोज रोज त्रास झालेल्या माशाचं कॉर्टिसॉल बऱ्याचदा परत खाली आलेलं असतं. शरीर सरावतं, मूत्रपिंडातल्या त्या पेशी थकतात, मेंदू हुकूम कमी करतो. आकडा शांत माशाचा आणि मासा खंगलेला, असं दिसू शकतं. या अडचणीवर बेल्जियममधल्या संशोधकांनी २०१५ साली एक सुरेख वाट काढली. त्यांनी सायप्रिनसच्या (कॉमन कार्पच्या) खवल्यांमधलं कॉर्टिसॉल मोजलं. रक्तात येऊन गेलेलं कॉर्टिसॉल खवल्यात साठत राहतं, त्यामुळे मागच्या काही आठवड्यांचा हिशेब त्यात सापडतो. ही तपासणी तालुक्याच्या गावी मिळेल अशी आशा मला नाही. तोवर बांधावर बसून बघणं हीच आमची प्रयोगशाळा.

बघायला शिकलं की मासा पुष्कळ सांगतो. चिलापीचं तर डोळ्यातच दिसतं. टाकीत चार-सहा चिलापी ठेवा. काही वेळातच एखादी दांडगी निघते, चांगली जागा धरते, खाद्यावर पहिला हक्क सांगते. जी दबते तिच्या डोळ्याचा रंग गडद होत जातो, बुबुळाभोवतीचा फिका भाग काळवंडतो. दांडगीचे डोळे फिकेच राहतात. हे बघायला भिंग लागत नाही, काचेची टाकी आणि थोडा धीर लागतो. दबलेल्या माशाचं कॉर्टिसॉल चढं असतं, तो कोपरा धरून बसतो आणि खाद्य समोरून गेलं तरी तोंड उघडत नाही. एकाच दिवशी सोडलेल्या बोटुकलीतली काही सहा महिन्यांत किलोकडे झुकते आणि काही तळहाताएवढीच राहते, त्याचं खापर लोक बियाण्यावर फोडतात. बियाणं कधी कधी खराब असतंही. पण खाद्य रोज एकाच कोपऱ्यात, मूठभर जागेत टाकलं, तर दांडग्यांना तेवढी जागा राखणं सोपं जातं. पसरून टाकलं की राखायला काही उरत नाही. साइझ वेगवेगळी झाली असेल तर एकदाच जाळं लावून निवड करावी आणि मग हात लावू नये.

सगळे मासे एकसारखे घाबरत नाहीत, हेही लक्षात ठेवलेलं बरं. इंग्लंडमध्ये विंडरमिअरला टॉम पॉटिंजर यांनी १९९० च्या दशकात रेनबो ट्राउटची दोन घराणी निवडीने तयार केली. मासा कोंडला की एका घराण्याचं कॉर्टिसॉल खूप चढायचं, दुसऱ्याचं कमी. म्हणजे बावरण्याचा स्वभाव पुढच्या पिढीत उतरतो. कमी बावरणारे मासे नव्या जागी लवकर जेवायला लागायचे आणि जोडीच्या झुंजीत सहसा वरचढ ठरायचे. पुढे हे मासे नॉर्वेला नेले, आणि प्रवासानंतर वागणं चक्क उलटं झालं. दबणारे वरचढ झाले. कॉर्टिसॉलमधला दोन घराण्यांचा फरक मात्र तसाच राहिला. मला हा निष्कर्ष फार मोलाचा वाटतो, कारण आपल्याकडे बियाण्याचा दर्जा मत्स्यबीज केंद्रावरच्या टाकीत बघून ठरवतात आणि मधला प्रवास कुणी मोजतच नाही.

प्रवासाचं आमच्याकडे काय होतं ते सांगते. केंद्रावर चांगली माणसं असतील तर बोटुकली आदल्या दिवशी हाप्यात, म्हणजे जाळीच्या पिंजऱ्यात, घेऊन उपाशी ठेवतात, म्हणजे पिशवीत विष्ठा आणि अमोनिया कमी होतो. पिशवीत एक हिस्सा पाणी, दोन हिस्से ऑक्सिजन. गाडी रात्री निघते. इथवर ठीक. सकाळी गाडी बांधावर पोचते तेव्हा मालकाला घाई असते, फोटो काढायचे असतात, नारळ फोडायचा असतो. पिशव्या तासभर उन्हात पडून राहतात आणि मग एकदम फाडून ओततात. पिशवी अर्धा तास तळ्यातच तरंगत ठेवा, तोंड उघडून तळ्याचं पाणी थोडं थोडं आत घ्या, आणि मासा आपण होऊन बाहेर जाऊ द्या, एवढं सांगायला मी अनेकदा पहाटे जाऊन उभी राहिले आहे. मर झालीच तर ती त्याच दिवशी दिसेल असं नाही. दोन-तीन दिवसांनी, प्रतिकारशक्ती खचल्यावर, कल्ले सडायला लागतात, अंगावर लाल चट्टे येतात, आणि तेव्हा दोष पाण्यावर जातो. आल्या दिवसापासून भरपेट खाद्य टाकण्याचीही एक हौस असते. पहिला दिवस काही टाकू नये. नंतर मूठभर टाकून बघावं.

हौस हा शब्द मी मुद्दाम वापरते. रोगापेक्षा आणि बगळ्यांपेक्षा हौसेने खाल्लेलं वजन मी जास्त पाहिलं आहे. सहा महिने पैसे पाण्याखाली असतात, डोळ्यांना काही दिसत नाही. जाळं ओढून बघावंसं वाटणारच. ती ओढ मला समजते. डाळिंब दिसतं, गाईचं दूध दिसतं, मासा दिसत नाही.

आप्पांनी जाळं बंद केलं. बोअरच्या पाइपला आडवा पत्रा लावला, म्हणजे पाणी पसरून पडेल. खाद्य नातवाऐवजी स्वतः टाकायला लागले, रोज त्याच वेळी, टाकण्याआधी डबा दोनदा वाजवून. मासे वेळ आणि आवाज ओळखायला शिकतात हे नवं नाही. ज्याची आगाऊ चाहूल लागते त्याची त्यांना धास्तीही कमी वाटते. रोहूला जठर नसतं, एका वेळी फार साठवता येत नाही, म्हणून तेवढंच खाद्य दिवसातून तीनदा विभागून द्यायला सांगितलं. आठवडा-दीड आठवडा काही फरक दिसला नाही. मग डबा वाजला की पाण्यावर तोंडं दिसायला लागली. पुढच्या महिन्याच्या वजनात वाढ पुन्हा सुरू झालेली दिसली, आणि मधली तूटही थोडी भरून निघाली. उपास किंवा त्रास संपल्यावर मासे काही काळ नेहमीपेक्षा झपाट्याने वाढतात, हे ठाऊक असलेलं आहे. हे जाळ्यामुळे झालं, पत्र्यामुळे झालं की त्याच सुमाराला उन्हाचा कडाका कमी झाला म्हणून, हे मी छातीठोकपणे सांगणार नाही. शेजारी दुसरं तसंच तळं जुन्या पद्धतीने चालू ठेवून तुलना केली असती तरच ते सांगता आलं असतं. पण खाद्याची कंपनी तीच होती, एवढं नक्की.

तेव्हा मासा खाद्यावर आला नाही, तर त्या दिवशीचं खाद्य आधी थांबवा. सूर्य उगवायच्या आत ऑक्सिजन बघा. तो ठीक असेल तर मागच्या आठवड्यात तळ्यावर कोण आलं, काय ओढलं, किती पाणी उतरवलं ते आठवून वहीत लिहा, आणि दोन-तीन दिवस पाण्यात हात घालू नका. वजनासाठी जाळं महिन्यातून एकदा, सकाळच्या गारव्यात, थोड्याच माशांवर. पाहुण्यांना मासा दाखवायचाच असेल तर त्यांना खाद्याच्या वेळेला बोलवा आणि बांधापासून चार पावलं मागे उभं करा.